मांजराचे कान, आपले तळपाय आणि झोपेतला मेंदू: उष्णता जाते कुठे?

अर्धीरात्र (रविवार, रात्री ११:५०)

गेले पंधरा-वीस दिवस एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये, म्हणून हा धागा.

रात्री मी वाचत बसते तेव्हा आमची मांजर शेजारच्या खुर्चीत झोपते. सध्या थंडी आहे, त्यामुळे आधी घट्ट वेटोळं करून नाक शेपटीत खुपसते. त्या वेळी कानाचं टोक चिमटीत धरून बघितलं तर गार लागतं. श्वास संथ, एकसारखा. वीसेक मिनिटं अशी जातात. मग वेटोळं सैल पडतं, मान खुर्चीच्या कडेवरून खाली ओघळते, मिशा थरथरतात, पंजाची बोटं उघडमीट करतात आणि अर्धवट मिटलेल्या पापण्यांखाली बुबुळं फिरताना दिसतात. नेमक्या त्याच वेळी तोच कान कोमट लागतो. खोली तेवढीच थंड, पांघरूण नाही, दिव्याची ऊबही नाही. पाचेक मिनिटांनी थरथर थांबते, ती पुन्हा आवरून झोपते आणि कान परत गार होतो.

मला हे उलटं वाटतं. थंडीत शरीर कान, पंजे, शेपटी इकडचं रक्त आखडतं घेतं हे शाळेत शिकलोय. मग ऐन झोपेत, अंगाखाली ऊब नसताना, उष्णता अशी कानावाटे उधळायचं कारण काय?

दुसरी गोष्ट माझी स्वतःची. तळपाय गार असले की मला तासभर झोप लागत नाही. पाय उबेला आले की दहा मिनिटांत डोळा लागतो. आणि झोपेत मेंदू थंड होतो असं सगळीकडे वाचायला मिळतं. पाय गरम, कान गरम आणि मेंदू थंड? की मेंदूही गरम? शरीरशास्त्रातल्या कुणी जाणकारांनी नीट समजावून सांगावं. घाई नाही, सविस्तर लिहिलंत तर आनंदच आहे.

शरीरक्रियेची_बाई (सोमवार, सकाळी ७:१५)

धागा आवडला. तुमचं निरीक्षण अगदी बरोबर आहे, आणि कानाबद्दलचं उत्तर मी मुद्दाम शेवटी ठेवणार आहे, कारण आधीचा पाया झाल्याशिवाय त्यातली गंमत कळत नाही.

मेंदू आपल्या वजनाच्या जेमतेम २ टक्के, पण विश्रांतीत शरीराची सुमारे २० टक्के ऊर्जा एकटा खातो. ही सगळी ऊर्जा शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते, साधारण १५ ते २० वॅट. कवटीच्या बंद डब्यात एवढी उष्णता सतत तयार होत असताना मेंदू शिजत नाही, कारण दर मिनिटाला पाऊण लिटर रक्त त्यातून वाहत असतं. हृदयाकडून येणारं रक्त मेंदूच्या पेशींपेक्षा थोडं थंड असतं, अंशाच्या काही दशांशांनी. येताना ते ऑक्सिजन आणि साखर आणतं, जाताना उष्णता घेऊन जातं. रक्ताच्या ह्या दुसऱ्या कामाबद्दल वर्गात फारसं बोललं जात नाही ह्याची मला नेहमी खंत वाटते.

म्हणजे मेंदूचं तापमान तीन गोष्टींवर ठरतं: मेंदू किती तापतोय, रक्त किती येतंय आणि येणारं रक्त किती गरम आहे. पुढची सगळी चर्चा ह्या तिसऱ्या गोष्टीवर येऊन थांबणार आहे, तेव्हा ती लक्षात ठेवा.

आता तुमचे तळपाय. हातापायांच्या तळव्यांत रोहिणी आणि नीला यांना थेट जोडणाऱ्या छोट्या वाटा असतात, मध्ये केशवाहिन्यांचं जाळं नाही. त्या उघडल्या की गरम रक्त कातडीखालून भरभर फिरतं आणि उष्णता बाहेर टाकतं. संध्याकाळी मेलॅटोनिन, म्हणजे रात्र झाल्याचं शरीराला सांगणारं संप्रेरक, वाढायला लागलं की ह्या वाटा उघडतात. हातपाय गरम होतात, आणि म्हणूनच शरीराचा गाभा गार व्हायला लागतो. १९९९ साली बाझलच्या संशोधकांनी दाखवलं की झोप किती लवकर लागेल हे सांगणारी सगळ्यात चांगली खूण म्हणजे हातापायांची कातडी गाभ्याजवळच्या कातडीच्या तुलनेत किती उबदार झाली आहे. तुम्हाला पाय गार असताना झोप लागत नाही ते ह्यामुळे. उष्णतेची ती दारं अजून बंद आहेत.

मग गाढ झोप येते. तिच्यात मेंदूचा खर्च पुष्कळ उतरतो. साखरेचा वापर सगळ्यात खोल टप्प्यात जागेपणापेक्षा ४० टक्क्यांच्या आसपास कमी भरल्याची मोजमापं आहेत. रक्तप्रवाह उतरतो, मेंदूचं तापमान उतरतं. आणि हायपोथॅलॅमस, म्हणजे तापमानाचा कारभार बघणारा मेंदूचा भाग, ठरलेला आकडाच थोडा खाली आणतो. आपण रात्रीपुरता हीटर एक घर खाली फिरवावा तसं. नियंत्रण चालू असतं, फक्त लक्ष्य बदललेलं असतं.

गाढ झोपेखेरीज झोपेचा दुसरा एक प्रकार असतो, त्याबद्दल संध्याकाळी लिहिते. तास आहे.

पाऊलवाट (सोमवार, सकाळी ९:०५)

बाई, एक बाळबोध शंका. पायमोजे घालून झोपलं की पाय गरम राहतात. म्हणजे उष्णता अडवली गेली ना? मग गाभा गार कसा होईल?

शरीरक्रियेची_बाई (सोमवार, दुपारी १:४०)

शंका बाळबोध नाही, परीक्षेत विचारावी अशी आहे. गार पायातल्या रक्तवाहिन्या आवळलेल्या असतात, तिथून जवळजवळ काहीच उष्णता जात नाही. मोज्यांनी कातडी उबदार झाली की त्या सैल होतात, रक्त तिकडे धावतं आणि तुलनेने जास्त उष्णता पायावाटे निघून जाते. झोपायच्या आधी गरम पाण्याने अंघोळ करण्याचंही हेच. २०१९ च्या एका आढाव्यात अनेक प्रयोग एकत्र करून बघितले, तर ४० ते ४२.५ अंशांच्या पाण्याने झोपेआधी एक-दोन तास अंघोळ केली की सरासरी दहा मिनिटं लवकर झोप लागत होती. अंघोळ करून लगेच अंथरुणात शिरायचं नाही. उष्णता जायला मधला वेळ हवा.

रात्रपाळी (सोमवार, दुपारी ३:२०)

मी अतिदक्षता विभागात परिचारिका आहे. बाईंनी लिहिलंय ते मला रात्रभर मॉनिटरवर दिसतं, म्हणून माझी भर.

ज्या रुग्णाला खरोखर गाढ झोप लागते त्याचे आकडे बघत राहावेसे वाटतात. नाडीचे ठोके खाली येतात, रक्तदाब दिवसाच्या मानाने १० ते २० टक्के उतरतो, आणि दोन्ही एका संथ लयीत स्थिरावतात. मग कधीतरी पहाटेकडे चित्र पालटतं. अंग हललेलं नसतं, पण रक्तदाब मध्येच उसळतो, खाली येतो, ठोके अनियमित चढउतार करतात, श्वासाची लय मोडते. नवीन होते तेव्हा मी धावत जाऊन बघायचे. पेशंट शांत पडलेला, फक्त पापण्यांखाली डोळे फिरतायत. आमच्या वरिष्ठ सिस्टरांनी एकदा खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "अगं, स्वप्नात आहे तो. दोन मिनिटं थांब." थांबले आणि आकडे आपसूक जागेवर आले.

ज्यांचा रक्तदाब रात्री उतरतच नाही त्यांना हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका जास्त असतो, म्हणून डॉक्टर कधीकधी चोवीस तास दंडाला पट्टा बांधून मोजायला सांगतात. फक्त दिवसा मोजलेला आकडा पुरेसा नसतो, हे मला सगळ्यांना सांगावंसं वाटतं. ज्यांचे आईवडील रक्तदाबाच्या गोळ्या घेतात त्यांनी हे जरूर विचारावं.

आणखी एक. मेंदूला मार लागलेल्या रुग्णांच्या मेंदूत कधीकधी तापमान मोजणारा सेन्सर असतो. केंब्रिजच्या गटाने २०२२ मध्ये अशा रुग्णांची जुनी नोंद तपासली, आणि निरोगी लोकांचं मेंदूचं तापमान वेगळ्या तऱ्हेच्या एमआरआयने मोजलं. निरोगी मेंदूची सरासरी ३८.५ अंश निघाली, आतल्या खोल भागांत ४० च्याही वर! दिवसभरात जवळजवळ एका अंशाची चढउतार, दुपारी जास्त, रात्री कमी. आणि रुग्णांपैकी ज्यांच्या मेंदूत ही रोजची चढउतार उरली नव्हती त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण कितीतरी जास्त होतं. आमच्याकडे रात्री दिवे जळत असतात, यंत्रं वाजत असतात. त्या माहितीनंतर मी माझ्या पाळीत शक्य तेवढे दिवे मंद करायला लागले.

अर्धीरात्र (सोमवार, सायंकाळी ६:१०)

रात्रपाळी, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. ४० अंशांचा आकडा तर कल्पनेपलीकडचा आहे, आपल्याला ताप म्हणून घाबरवणारा.

तुमच्या रुग्णाच्या पापण्यांखालचे डोळे आणि माझ्या मांजराचे, एकच ना ते? मग कान...

शरीरक्रियेची_बाई (सोमवार, रात्री ९:३०)

होय, एकच. शिकागोत १९५३ मध्ये ॲसेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी माणसांत ही झोप नोंदवली. डोळे झरझर फिरतात (रॅपिड आय मूव्हमेंट) म्हणून तिला रेम म्हणतात. पुढे लिऑनमध्ये मिशेल जूव्हे यांनी मांजरांत तिचा अभ्यास केला. मेंदूचे आलेख जागेपणासारखे, पण मानेचे स्नायू पूर्ण लुळे. म्हणून त्यांनी तिला विरोधाभासी झोप म्हटलं. मला हे नाव जास्त आवडतं, कारण तापमानाच्या बाबतीतही ती तशीच आहे.

१९६५ मध्ये कावामुरा आणि सॉयर यांनी सशाच्या मेंदूत तापमान मोजलं. गाढ झोपेत ते उतरत गेलं आणि विरोधाभासी झोप सुरू झाली की चढलं. मग मांजर, उंदीर, मेंढी अशा अनेक प्राण्यांत तेच दिसलं. म्हणजे तुमच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर असं की झोपेत मेंदू आधी थंड होतो, मग गरम होतो, परत थंड होतो. रात्रभर ही भरतीओहोटी चालते.

आता कान. इटलीत बोलोन्या विद्यापीठात पारमेज्यानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांजरांवर वर्षानुवर्षं काम केलं. थंड खोलीतलं मांजर गाढ झोपेत कुडकुडतं. रेम सुरू झाली की कुडकुडणं थांबतं, थंडी तेवढीच असूनही. गरम खोलीत मांजर गाढ झोपेत धापा टाकतं, रेममध्ये तेही थांबतं. त्यांनी मांजराच्या हायपोथॅलॅमसला बारीक तारेने आतूनच ऊब दिली. गाढ झोपेत लगेच धाप सुरू झाली. रेममध्ये तीच ऊब दिली, काहीही झालं नाही. तापमान जाणणाऱ्या तिथल्या बहुतेक पेशी त्या वेळी प्रतिसादच देत नाहीत.

तेव्हा तुमचं मांजर उष्णता उधळत नव्हतं. कानाच्या वाहिन्या आवळून धरण्याचा हुकूम काही मिनिटांपुरता बंद पडला होता. धरलेली मूठ सुटली, रक्त आत आलं, कान कोमट झाला. त्यांच्या नोंदींतही थंडीत रेममध्ये मांजराचा कान गरम होतो. उलट गरम खोलीत, जिथे आधी वाहिन्या मोकळ्या असतात, तिथे रेममध्ये कान थोडा गार होतो. दोन्हीकडे चूकच, पण एकाच कारणाने.

कुणी म्हणेल, स्नायू लुळे पडतात म्हणून कुडकुडणं थांबत असेल. हे तपासलं गेलंय. मेंदूच्या खोडात एक छोटी जखम केली की मांजर रेममध्ये लुळं पडत नाही, उठून हालचालीही करतं. असं मांजरसुद्धा रेममध्ये कुडकुडत नाही. हुकूम देणाराच गैरहजर असतो. सस्तन प्राण्यांनी ज्या नियंत्रणासाठी एवढा खर्च केला ते रोज रात्री स्वतःहून काही वेळ सोडून द्यायचं, ही मला शरीरक्रियाशास्त्रातली सगळ्यात विलक्षण गोष्ट वाटते. माणसात ते पूर्ण सुटत नाही, पण घाम येणं रेममध्ये कमी होतं. आणि खोली फार गरम किंवा फार थंड झाली की सगळ्यात आधी रेमच कापली जाते.

गोठ्यातला_डॉक्टर (मंगळवार, सकाळी ६:४०)

बाईंनी तिसरी गोष्ट लक्षात ठेवा म्हटलं होतं, येणारं रक्त किती गरम. त्याच जागी आमच्या पशुवैद्यकातली एक सुंदर रचना बसते.

शिकत असताना मेंढीचं डोकं विच्छेदनाला होतं. कवटीच्या तळाशी, मेंदूच्या अगदी खाली, सरांनी बोट ठेवायला सांगितलं. बोटाखाली ओल्या स्पंजसारखं काहीतरी लागलं. चिमट्याने अलगद उकललं तर केसासारख्या रोहिण्यांची गुंतवळ, एका रोहिणीच्या शेकडो झालेल्या, आणि ती सगळी गुंतवळ नीलेच्या रक्ताच्या डबक्यात बुडालेली. ते नीलेचं रक्त नाकातून आलेलं असतं. श्वासाने नाकाचं ओलं अस्तर गार होतं, रक्त गार होतं, आणि मेंदूकडे निघालेलं गरम रक्त ह्या गारव्यातून गाळून पुढे जातं. पुढच्या टोकाला त्याच्या पुन्हा मोठ्या रोहिण्या होतात.

शेळी, मेंढी, गाय, हरीण, डुक्कर आणि मांजरकुळ यांच्यात ही रचना आहे. जोरात पळालेल्या हरणाचं अंग तापून निघतं, पण मेंदू त्याहून दोन-अडीच अंश थंड राहू शकतो. घोड्यात हे जाळं नाही. त्याच्याकडे घशाजवळ हवेच्या दोन मोठ्या पिशव्या असतात आणि मेंदूकडे जाणारी रोहिणी त्यांना चिकटून जाते. ती तिथे गार होते असं २००० मध्ये मोजून दाखवलं गेलं.

माणसात जाळं नाही. प्राचीन वैद्य गेलनने ते माणसात आहे असं लिहून ठेवलं होतं, कारण त्याने विच्छेदन जनावरांचं केलं होतं. शरीररचनाशास्त्रज्ञ व्हेसालियसने १५४३ मध्ये ही चूक छापून दुरुस्त केली. म्हणजे हजार-तेराशे वर्षं वैद्य माणसाच्या डोक्यात बैलाचं जाळं शिकवत होते.

झोपेशी संबंध असा. पारमेज्यानी यांचं म्हणणं होतं की रेममध्ये मानेतल्या मुख्य रोहिणीतून येणारा, गार झालेला वाटा कमी होतो आणि मणक्यांजवळून येणाऱ्या दुसऱ्या, न गारलेल्या रक्ताचा वाटा वाढतो. मेंदू गरम होतो तो ह्यामुळे. मेंदू जास्त काम करतो म्हणून नव्हे, शीतयंत्र बाजूला पडतं म्हणून.

पाऊलवाट (मंगळवार, सकाळी ८:५५)

डॉक्टरसाहेब, पण सशात आणि उंदरात हे जाळं असतं का? त्यांचाही मेंदू रेममध्ये तापतो असं बाई म्हणाल्या.

गोठ्यातला_डॉक्टर (मंगळवार, सकाळी ९:२०)

नसतं. चांगलं पकडलंत. जाळं नसलेल्या प्राण्यांतही मेंदूच्या तळाच्या रोहिण्या नीलेच्या रक्ताला लागून असतात, तिथे थोडाफार गारवा मिळतो, असं त्यांचं उत्तर होतं. पण मेंढीइतकं ते भक्कम नाही हे मी मान्य करतो.

शरीरक्रियेची_बाई (मंगळवार, दुपारी १२:३०)

माझं मत इथे डॉक्टरांहून थोडं वेगळं आहे. रेममध्ये मेंदू कामही करत असतो. माणसांत भावना आणि आठवणींशी जोडलेल्या भागांचा रक्तप्रवाह वाढतो, कपाळामागचा विचार करणारा भाग मंद राहतो. जपानमधल्या एका गटाने २०२१ मध्ये उंदरांच्या मेंदूत सूक्ष्मदर्शकातून एकेक केशवाहिनी बघितली. रेममध्ये तिच्यातून धावणाऱ्या तांबड्या पेशींचा प्रवाह जागेपणाच्या जवळजवळ दुप्पट होता, आणि गाढ झोपेत व जागेपणी तो साधारण सारखाच.

आता कोडं बघा. रक्त हे शीतक असेल तर दुप्पट रक्ताने मेंदू थंड व्हायला हवा. तो गरम होतो. म्हणजे जास्तीचं रक्त मेंदूला आपल्या तापमानाकडे ओढतं, आणि ते तापमान वर असलं पाहिजे, किंवा आत तयार होणारी उष्णता रक्ताच्या वाढीलाही पुरून उरली पाहिजे. लहान प्राण्यात पहिलं कारण वजनदार असावं, मोठ्या मेंदूत दोन्हींची सरमिसळ. एकाच कारणावर सगळा भार टाकू नये असं मला वाटतं.

खारावारा (मंगळवार, रात्री १०:१५)

सागरी सस्तन प्राण्यांवर इतकं वाचलंय की लिहिल्याशिवाय राहवत नाही.

डॉल्फिन अर्ध्या मेंदूने झोपतो हे अनेकांना ठाऊक असेल. रशियन संशोधकांनी १९८० च्या सुमारास दोन्ही अर्ध्यांत तापमान मोजलं, तर झोपलेली बाजू थंड होत होती आणि जागी तशीच राहत होती. एकाच डोक्यात, एकाच रक्तावर! हे बाईंच्या बाजूने जातं, कारण इथे फरक त्या बाजूच्या कामातूनच पडला असणार.

दुसरा प्राणी उत्तरेकडची फर सील. ही जमिनीवर आपल्यासारखी पूर्ण मेंदूने झोपते, रेमसकट. पाण्यात मात्र कुशीवर तरंगत, एका वल्ह्याने पाणी मारत, अर्ध्या मेंदूने. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सीलना दोन आठवड्यांपर्यंत पाण्यात ठेवलं. रेम जवळजवळ शून्यावर आली. जमिनीवर परत आणल्यावर सगळ्यांना वाटलं की आता थकबाकी वसूल होईल, रेमचा पूर येईल. आला नाही. नेहमीएवढीच रेम झाली.

त्या अभ्यासातले जेरोम सीगल ह्याचा अर्थ असा लावतात की रेमचं काम मेंदूला ऊब देणं हे आहे. पूर्ण मेंदू गाढ झोपेत थंड होत जातो, तो फार गार झाला तर उठल्यावर प्राणी सुस्त राहील, म्हणून मधूनमधून रेम त्याला वर आणते. अर्धा मेंदू जागाच असेल तर गारठा साचत नाही, रेमची गरज नाही. २०२२ मध्ये त्यांनी गटवार आकडे मांडले. पक्षी, शरीर ४१ अंश, दिवसाला रेम ०.७ तास. आपल्यासारखे वार (गर्भाला पोसणारा अवयव) असलेले सस्तन, ३७ अंश, २ तास. कांगारूसारखे पिशवीवाले, ३५ अंश, ४.४ तास. अंडी घालणारे, म्हणजे प्लॅटिपस आणि एकिडना, ३१ अंश, ७.५ तास. अंग जितकं थंड तितकी रेम जास्त. हे वाचलं त्या रात्री मी बराच वेळ जागा होतो.

नवी_आई (बुधवार, पहाटे ४:०५)

बाळाला पाजता पाजता वाचतेय. खारावारा, आकडे देखणे आहेत, पण नवजात बाळाची निम्मी झोप रेम असते असं आमच्या बालरोगतज्ज्ञांनी सांगितलं. बाळाचं अंग काही ३१ अंश नाही, माझ्याएवढंच आहे. मग?

आणि दुसरं, झोपेत ह्याचं डोकं घामाने भिजतं, उशीचा कपडा ओला होतो. हे मेंदू थंड करण्याशी जोडलेलं आहे का?

खारावारा (बुधवार, सकाळी ७:३०)

तुमचा पहिला मुद्दा अगदी बरोबर आहे आणि सीगल यांच्या मांडणीला तो अडतो. तापमानाचं गणित गटागटांत बसतं, पण एकाच प्राण्याच्या वयात बसत नाही. वाढत्या मेंदूत रेमची दुसरी कामं असावीत, असं बरेच जण मानतात. मी उत्साहात ती बाजू गाळली.

रात्रपाळी (बुधवार, सकाळी ८:२०)

नवी_आई, बाळाचं डोकं शरीराच्या मानाने मोठं असतं, उष्णता टाकायची मोठी जागा तीच. म्हणून डोक्याला घाम पुष्कळ बाळांना येतो. झोपवताना डोक्यावर टोपी नको, चेहरा मोकळा हवा, पांघरुणांचे थर नकोत, पाठीवर झोपवायचं आणि डोक्याखाली उशी मुळीच नको. अति ऊब लहान बाळांना झोपेत धोक्याची असते. मानेमागे किंवा छातीला हात लावून बघा, हातापायांवरून अंदाज करू नका. पाजताना घाम, धाप किंवा वजन न वाढणं असं काही असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

नवी_आई (बुधवार, सकाळी ८:४५)

टोपी आत्ताच काढली, उशीही. छाती उबदार आहे, घाम नाही. मनापासून आभार.

पाऊलवाट (बुधवार, सकाळी ११:००)

मग शीतनिद्रा? ती तर थंड मेंदूची सगळ्यात लांब झोप झाली.

गोठ्यातला_डॉक्टर (बुधवार, दुपारी २:१०)

तसं वाटतं, पण जमिनीतल्या खारीने घोळ घातलाय. शीतनिद्रेत तिचं हृदय मिनिटाला पाचेक ठोक्यांवर येतं. आर्क्टिक जातीत पोटातलं तापमान उणे २.९ अंशांपर्यंत मोजलंय, डोक्याकडचं मात्र शून्याच्या वर राहतं. पण ती सबंध हिवाळा अशी राहत नाही. दर दोन-तीन आठवड्यांनी प्रचंड चरबी जाळून अंग ३७ अंशांपर्यंत तापवते. तापवतानाही रक्त आधी छाती आणि डोक्याकडे फिरतं, मागचे पाय कितीतरी वेळ गारच. आणि एवढा खटाटोप करून ती काय करते? झोपते. १९९१ मध्ये दोन गटांनी वेगवेगळं दाखवलं की त्या उबेच्या काही तासांत ती बहुतेक वेळ गाढ झोपेत असते.

लोक म्हणाले, थंड मेंदूला खरी झोप मिळत नसणार, म्हणून झोपायला उठते. पुढे दुसऱ्यांनी तिला उबेनंतर जागं ठेवून बघितलं, तर झोपेची ती भरपाई नंतर दिसेना. त्यामुळे प्रश्न अजून उघडा आहे. पण शीतनिद्रा आणि झोप एक नव्हेत एवढं तिने दाखवून दिलं.

निवांत_क्षण (बुधवार, रात्री ८:००)

सगळा धागा वाचला, सुरेख. पण मुख्य गोष्ट राहिली. झोपेत मेंदू धुतला जातो, कचरा वाहून जातो. हे सिद्ध झालंय ना?

शरीरक्रियेची_बाई (बुधवार, रात्री १०:०५)

अर्धं भक्कम आहे, अर्ध्यावर भांडण चालू आहे. २०१३ मध्ये नेडरगार्ड यांच्या गटाने उंदरात दाखवलं की झोपेत पेशींमधली जागा वाढते आणि मेंदूभोवतीचा द्रव जास्त आत शिरतो. २०१९ मध्ये बॉस्टनमध्ये माणसांना एमआरआयमध्येच झोपवलं. गाढ झोपेत साधारण वीस सेकंदांनी एक मोठी लाट दिसली: आधी पेशींची संथ लाट, मग मेंदूतलं रक्त थोडं ओसरतं, आणि रिकाम्या झालेल्या जागेत द्रव येतो. कवटी बंद आहे, एक गेल्याशिवाय दुसरं आत येत नाही. रक्ताभिसरण इथे पंपाचं काम करतं, हे मला फार मोलाचं वाटतं.

पण २०२४ मध्ये लंडनच्या गटाने उंदरांत रंगद्रव्य सोडून मोजलं तर झोपेत ते बाहेर पडणं कमी झालेलं आढळलं. त्यामुळे द्रवाची लाट येते हे मी ठामपणे सांगेन. कचरा किती जातो हे वर्गात ठामपणे सांगायचं मी थांबवलंय.

अर्धीरात्र (रविवार, रात्री १२:२०)

आठवडाभर गप्प होते, कारण मोजत होते. कानाला हात लावून, घड्याळ बघून, वहीत लिहून.

थंड खोलीत सहा रात्री. सहाही वेळा मिशा थरथरल्यावर दोन-तीन मिनिटांत कान कोमट झाला आणि ती आवरून झोपल्यावर परत गार.

काल मुद्दाम हीटर लावला. मांजर पाठीवर पसरून झोपली, कान आधीच चांगला गरम. थरथर सुरू झाली. मी कान धरून बसले. आधी काहीच नाही. मग टोकाकडून, अगदी हळू, बोटाला गारवा लागायला लागला. बाई, तुम्ही लिहिलं होतं तसाच. तिने डोळा किलकिला करून माझ्याकडे बघितलं आणि कान झटकून घेतला, त्यामुळे पुढची नोंद राहिली.

आज परत बसतेय. ती आत्ताच वेटोळं करून पडली आहे.